घावानंतरचा काळ

संपादकीय





वार्षिक स्मरणिका आपल्या हाती देताना संपादक मंडळास आनंद होत आहे. या पानावर चळवळीचा आढावा, मुलांचे शिक्षण, मायदेशातील घडामोडी यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांचे लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो, ज्याविषयी आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते आणि सभांत तर मुळीच नाही. तो विषय म्हणजे मनाला बसलेला घाव, त्याची ओळख आणि त्यावरील उपचार.

शरीराला जखम झाली की आपण डॉक्टरांकडे जातो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची औषधे आपण उघडपणे घेतो आणि एकमेकांना त्याबद्दल सल्लेही देतो. पण एखाद्याची झोप महिनोन्‌महिने उडाली, दार वाजले तरी छाती धडधडू लागली, घरात असूनही घरात नसल्यासारखे वाटू लागले, तर आपण काय म्हणतो? ‘मन घट्ट कर.’ ‘जुने उगाळू नकोस.’ ‘बाबासाहेबांनी किती सोसले, आपले दुःख ते काय!’ ही वाक्ये बहुधा मायेपोटीच बोलली जातात. तथापि त्यांचा परिणाम असा होतो की घायाळ माणूस गप्प होतो, आणि त्याची शांतता पाहून तो बरा झाला असे आपण धरून चालतो.

मानसिक आघात म्हणजे साधे दुःख किंवा रोजची चिंता नव्हे. जिवावर बेतलेला प्रसंग, हिंसा, बलात्कार, भीषण अपघात, डोळ्यांसमोर झालेला आप्ताचा मृत्यू अशा घटनांनी मनाची नेहमीची सावरण्याची शक्ती अपुरी पडते. घटना संपते, पण शरीर ती संपली असे मानत नाही. प्रसंग स्वप्नांतून आणि जागेपणीही पुनःपुन्हा समोर उभा राहतो. त्याची आठवण देणारी माणसे, ठिकाणे, आवाज टाळले जातात. शरीर सतत सावध राहते. या अवस्थेला १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथात ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ असे नाव दिले. दीर्घकाळ चाललेल्या, सुटकेचा मार्ग नसलेल्या छळानंतर याखेरीज स्वतःविषयीची घृणा, अनावर होणाऱ्या भावना आणि माणसांशी जवळीक साधता न येणे हीही लक्षणे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

जातीच्या अपमानाचा प्रत्येक अनुभव या वैद्यकीय व्याख्येत बसतोच असे नाही. पण व्याख्येत न बसणारी जखमही जखमच असते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मकथनात दोन प्रसंग सविस्तर सांगितले आहेत. एक १९०१ सालचा : वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघालेली लहान मुले मसूर स्थानकावर उतरली, जात कळताच स्टेशनमास्तर बदलला, गाडीवान दुप्पट भाड्यावर कसाबसा तयार झाला आणि जवळ अन्न असूनही पाण्याविना ती मुले रात्रभर उपाशी राहिली. दुसरा बडोद्याचा : कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या विद्वानाला लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या जमावाने धर्मशाळेतून बाहेर काढले आणि त्यांना सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. या दुसऱ्या प्रसंगाविषयी बाबासाहेब लिहितात की अठरा वर्षे लोटली तरी तो जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो आणि तो आठवताना डोळ्यांत अश्रू आल्यावाचून राहत नाहीत. ज्या महामानवाच्या धैर्याचे दाखले देऊन आपण दुसऱ्याला गप्प करतो, त्यांनी स्वतःचे अश्रू लपविले नाहीत, ही गोष्ट आपण विसरतो. १९२६ साली राजरत्न हे लाडके अपत्य गेल्यावर त्यांनी दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रातही तोच मोकळेपणा आहे. आपण खचून गेलो आहोत, हे त्यांनी मित्राला स्पष्ट शब्दांत कळविले.

ज्या देशात आपण राहतो, त्या देशाशी बाबासाहेबांचा संबंध आला होता. १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. या देशाचा मानसिक आघाताविषयीचा इतिहास आपण मुद्दाम अभ्यासावा असा आहे, कारण मनाची जखम नाकारण्याचे काम येथे फार पद्धतशीरपणे झाले आणि ती मान्य करण्याचा लढाही येथील माणसांनीच दिला.

बर्लिनचे मज्जाविकारतज्ज्ञ हेरमान ओपेनहाइम यांनी १८८९ साली अपघातानंतरच्या मज्जाविकारांवर ग्रंथ लिहिला आणि अशा रुग्णांची दुखणी खरी असल्याचे प्रतिपादन केले. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक आघाडीवरून थरथर कापत परतले. कोणाची वाचा गेली, कोणाला चालता येईना. १९१६ साली म्युनिक येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत ओपेनहाइम यांचे मत बहुमताने झिडकारण्यात आले. हे सैनिक इच्छाशक्तीने दुबळे आहेत, त्यांना निवृत्तिवेतनाची हाव आहे, असा निष्कर्ष निघाला. विजेचे झटके देऊन त्यांना पुन्हा कामाला जुंपण्यात आले. १९२६ साली तर अशा रुग्णांना भरपाई देऊ नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च विमा कार्यालयाने दिला. जखमी माणसालाच जखमेचे कारण ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाच्या परिचयाची आहे.

पुढे नाझी राजवटीच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या वाट्यालाही तेच आले. पश्चिम जर्मनीने १९५६ साली नुकसानभरपाईचा विस्तृत कायदा केला. आरोग्याच्या हानीबद्दल निवृत्तिवेतन हवे असेल तर अर्जदाराला डॉक्टरांसमोर उभे राहून आपली कमावण्याची क्षमता किमान २५ टक्क्यांनी घटली असल्याचे आणि ती छळामुळेच घटली असल्याचे सिद्ध करावे लागे. त्या काळच्या अनेक मानसोपचारतज्ज्ञांचे मत असे की निरोगी प्रकृतीचा माणूस संकट टळल्यावर काही काळात पूर्ववत होतो. जो होत नाही, त्याच्या जन्मजात प्रकृतीतच दोष असला पाहिजे. ज्याचे सारे कुटुंब गॅसच्या कोठडीत संपले, त्याला सांगण्यात आले की तुमच्या निद्रानाशाचा छावणीशी संबंध नाही. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले मनोविश्लेषक कुर्ट आइसलर यांनी १९६३ साली एका जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. आपली किती मुले मारली गेली तरी माणसाने कोणतेही लक्षण न दाखवता जगावे, म्हणजे त्याची प्रकृती निरोगी ठरेल, असा उपरोधिक सवाल त्यांनी शीर्षकातच केला होता. पूर्व प्रशियात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले विल्यम नीडरलँड यांनी अशा शेकडो माणसांना तपासून वाचलेल्यांच्या या व्याधीचे स्वतंत्र वर्णन केले. अखेर १९६५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि किमान एक वर्ष छळछावणीत काढलेल्या व्यक्तीच्या बाबतीत छळ हेच कारण गृहीत धरले जाऊ लागले. छावण्या मुक्त होऊन तोपर्यंत २० वर्षे लोटली होती.

या इतिहासातील ज्या अभ्यासामुळे आम्हांस हे संपादकीय लिहावेसे वाटले, तो हान्स काइलझोन यांचा आहे. १९०९ साली जर्मनीत जन्मलेला हा ज्यू डॉक्टर १९३६ मध्ये हॉलंडला निघून गेला. त्यांचे आईवडील आउशविट्झ येथे मारले गेले. युद्धानंतर काइलझोन यांनी हॉलंडमधील अनाथ ज्यू मुलांसोबत काम केले आणि दोनशेहून अधिक मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन १९७९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांच्या दुःखाचे तीन कालखंड पाडले. पहिला, शत्रूच्या ताब्यात देश गेल्यानंतरच्या दहशतीचा. दुसरा, आईपासून ताटातूट, लपून राहणे किंवा छावणी यांचा. तिसरा, युद्ध संपल्यानंतरचा, जेव्हा मूल पालक कुटुंबात किंवा अनाथालयात आले. काइलझोन यांना असे आढळले की ज्या मुलांचा दुसरा कालखंड अतिशय भीषण होता, पण तिसऱ्या कालखंडात ज्यांना समजून घेणारी माणसे मिळाली, ती मोठेपणी त्यांच्यापेक्षा बरी राहिली, ज्यांचा दुसरा कालखंड तुलनेने सौम्य होता पण ज्यांना नंतर आधार मिळाला नाही.

वाचकांनी हा निष्कर्ष पुन्हा एकदा वाचावा. जखम केवढी खोल जाईल हे घाव घालणाऱ्या हातावर तर अवलंबून असतेच. पण घाव बसल्यानंतर भोवतालची माणसे कशी वागतात, यावरही ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. घडून गेलेले आपण बदलू शकत नाही. घावानंतरचा काळ मात्र आपल्या हाती असतो.

हा तिसरा कालखंड कसा बिघडविला जातो, याची उदाहरणे दोन्ही देशांत आहेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. भैयालाल भोतमांगे एकटे उरले. त्यानंतरची वर्षे त्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात घालविली. हत्या सिद्ध झाली, शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा या प्रकरणी लागू होत नाही, असेच त्यांना ऐकावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. जर्मनीत २००० ते २००७ या काळात एका नवनाझी टोळीने दहा जणांचे खून केले. त्यांपैकी आठ तुर्की आणि एक ग्रीक मूळ असलेले होते. २०११ साली सत्य उघड होईपर्यंत पोलिसांनी अनेक मृतांच्या कुटुंबीयांनाच संशयाच्या छायेत ठेवले. बाप गमावलेल्या मुलांना बापाच्या तथाकथित काळ्या धंद्यांविषयी प्रश्न विचारले गेले. घाव एकदा बसला. त्यानंतर अविश्वासाचा घाव वर्षानुवर्षे बसत राहिला.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्यापैकी कोणी शाळेत वर्गाबाहेर बसलेले असेल. १९७८ साली नामांतराच्या मागणीवरून मराठवाड्यात झालेली जाळपोळ कोणी लहानपणी पाहिली असेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले, त्या वस्तीत कोणाचे नातलग असतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात कोणाचे घर गेले असेल. याशिवाय येथे आल्यावरचेही घाव आहेत : आईच्या अंत्यविधीला पोहोचता न येणे, रेल्वेस्थानकावर कातडीच्या रंगावरून झालेली मारहाण, भाषा न येणाऱ्या देशात पतीकडून होणारा छळ, आणि भारतीयांच्याच मेळाव्यात आडनाव विचारल्यावर थंड पडणारे चेहरे. आडनाव सांगावे की टाळावे, या प्रश्नाने ज्याचे शरीर हजारो किलोमीटरवर येऊनही ताठ होते, त्याच्या बाबतीत जुनी जखम मिटलेली नाही, हे उघड आहे.

आपल्या लेखकांनी ही जखम जगापुढे मांडली. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात, ही रचना केवळ वाङ्मयीन युक्ती नव्हती, असे आम्हांस वाटते. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमचं’चे लेखन कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. जे जगाला सांगता आले ते घरात सांगता येत नव्हते, हा त्यातला अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. आत्मकथने आपण अभिमानाने वाचतो. पण आपल्याच स्वयंपाकघरातील बाईने तोंड उघडले तर विषय बदलतो. मुलेही हे पाहत असतात. आईवडील जे बोलत नाहीत ते मुलांना कळत नाही, असे नसते. त्यांना फक्त भीती कळते, भीतीचे कारण कळत नाही. अकारण चिडणारा बाप आणि रात्री जागी असणारी आई यांचे स्पष्टीकरण न मिळालेले मूल पुष्कळदा असे धरून चालते की दोष आपलाच आहे.

धम्माची शिकवण याबाबत काय सांगते? पटाचारेची कथा आपल्याला ज्ञात आहे. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ यांना एकामागून एक गमावलेली ही स्त्री वस्त्रांची शुद्ध हरपून रस्त्याने फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत. तथागत उपदेश करीत असताना ती तेथे आली, तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ दिले, जवळ बोलाविले, भगिनी म्हणून हाक मारली. कोणी तरी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. उपदेश त्यानंतर झाला. आधी सुरक्षितता, मग आदर, मग शब्द, हा क्रम आजचे उपचारतज्ज्ञही सांगतात. पुढे हीच पटाचारा शोकाकुल स्त्रियांना सावरणारी थेरी झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही बाबासाहेबांनी शोकमग्न विशाखा आणि किसा गोतमी यांचे सांत्वन, तसेच कोणी शुश्रूषा न केलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतल्याचा प्रसंग आवर्जून घेतला आहे. रुग्णाची सेवा ही तथागतांचीच सेवा, असा त्याचा आशय आहे.

सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा येते. पहिला बाण वेदनेचा. दुसरा त्या वेदनेवर मनाने लादलेल्या शोकाचा. समाज म्हणून आम्ही या उपमेत एक भर घालू इच्छितो. पुष्कळदा दुसरा बाण सभोवतालची माणसे मारतात. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’, ‘तूच काही तरी केले असशील’, ‘पूर्वजन्मीचे भोग’ ही त्या बाणाची टोके आहेत. यांपैकी शेवटचे वाक्य तर बौद्ध घरात उच्चारलेच जाऊ नये. मागील जन्माच्या कर्माने आजचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी स्पष्टपणे नाकारला. अन्यायाला बळी पडलेल्याच्याच माथी अन्याय मारणारा तो विचार आहे.

येथे ध्यानसाधनेविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. आनापान किंवा विपश्यना यांनी अनेकांना शांती लाभते, यात शंका नाही. तथापि ताज्या अथवा खोल आघाताने पीडित व्यक्तीला डोळे मिटून दीर्घकाळ मौनात बसविल्यास प्रसंग अधिक तीव्रतेने उसळून येण्याची शक्यता असते. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतही शिबिर हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नसल्याचे म्हटले आहे. म्हणून ‘दहा दिवस बसून ये, सर्व ठीक होईल’ हा सल्ला देण्यापूर्वी थांबावे. आधी तज्ज्ञाला भेटावे आणि ध्यान त्याच्या सल्ल्याने करावे.

प्रत्येक घायाळ व्यक्तीला उपचार लागतातच असे नाही. सुरक्षित घर, नियमित झोप, विश्वासाची माणसे मिळाली तर पुष्कळ जण काही आठवड्यांत सावरतात. घटना घडल्यावर लगेच सर्व हकिगत बळे वदवून घेणे मात्र अपायकारक ठरू शकते. महिना उलटूनही दुःस्वप्ने, भीती, बधिरता कमी होत नसेल, काम व संसार विस्कटत असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर तज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. लहान मुलांत हीच व्यथा अंथरूण ओले करणे, शाळेत जाण्यास नकार, अबोला किंवा अचानक आक्रमकपणा या रूपांत दिसते. यावर परिणामकारक उपचार आहेत. आघातावर केंद्रित संभाषणोपचारांत तज्ज्ञाच्या सोबतीने, झेपेल तेवढ्याच गतीने, आठवणीला सामोरे जाण्यास शिकविले जाते, आणि हळूहळू ती आठवण आज घडणारी घटना न राहता काल घडून गेलेली घटना होते. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही पद्धतही जर्मनीत प्रौढांसाठी विमा योजनेने मान्य केली आहे.

जर्मनीत मानसोपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा १९६७ पासून उचलतो, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, म्हणजे हाउसआर्त्स्टना, सांगून सुरुवात करता येते. त्यांच्या चिठ्ठीशिवाय थेट सायकोथेरपिस्टकडे जाण्याचीही मुभा आहे. २०१७ पासून प्राथमिक भेटीची, ‘श्प्रेखश्टुंडे’ची, सोय सुरू झाली आहे आणि त्या भेटीची वेळ ११६११७ या क्रमांकावरून मिळविता येते. नियमित उपचारांसाठी मात्र कित्येक महिने थांबावे लागते, हे कटू सत्य आहे. अशा वेळी कोणत्या दिवशी कोणास दूरध्वनी केला आणि काय उत्तर मिळाले, याची नोंद ठेवावी. विमा संस्थेच्या यादीतील थेरपिस्ट वेळेत उपलब्ध नसल्यास खासगी थेरपिस्टच्या खर्चाची परतफेड मागता येते. तिला संस्थेची पूर्वसंमती घ्यावी. विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी श्टुडिरेंडेनवेर्कची समुपदेशन केंद्रे आहेत. हिंसक गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीला, ती परदेशी नागरिक असली तरी, आघात-उपचार केंद्रात लवकर मदत मिळण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या नव्या कायद्यात गंभीर मानसिक हिंसेचाही समावेश केला आहे. छळ सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ११६०१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तेथे इंग्रजीसह अनेक भाषांत बोलता येते. मन मोकळे करण्यासाठी टेलिफोनझेलझोर्गेचा ०८०० १११ ० १११ हा क्रमांक आहे. त्यास चर्चचा आश्रय असला तरी बोलणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. जिवाला धोका असेल तर ११२. मायदेशातील आप्तांसाठी भारत सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तीवर मराठीतून बोलता येते.

अनेकांना भीती वाटते की उपचार घेतल्याचे कार्यालयात कळेल किंवा व्हिसा अडेल. थेरपिस्ट आणि डॉक्टर यांच्यावर गुप्ततेचे कायदेशीर बंधन आहे. ते मोडणे हा दंडनीय गुन्हा आहे. नोकरीच्या ठिकाणी जाणाऱ्या आजारपणाच्या दाखल्यावर रोगाचे नाव नसते. मात्र खासगी आरोग्य विमा किंवा काम करण्याची क्षमता गेल्यास मिळणारा विमा नव्याने काढताना पूर्वीच्या उपचारांविषयी प्रश्न विचारले जातात व त्यांची खरी उत्तरे द्यावी लागतात, हेही सांगितले पाहिजे. एवढ्या कारणासाठी उपचार टाळणे शहाणपणाचे नाही. विमा काढण्याआधी जाणकाराचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. रोग समाजव्यवस्थेत आहे, मग उपचार पीडिताने का घ्यावेत? डॉक्टरच्या खोलीत बसून जात नष्ट होणार आहे काय? हा आक्षेप योग्य आहे आणि तो आम्ही डावलू इच्छित नाही. अन्यायाचे रूपांतर केवळ आजारात करणे ही फसवणूकच ठरेल. परंतु घाव घालणारा बाहेर असला तरी रक्त आपल्या अंगातून वाहते. विषारी बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला याची चौकशी पूर्ण होईपर्यंत बाण काढू देऊ नये, असे तथागतांनी कधीच सांगितले नाही. ओपेनहाइम, आइसलर, नीडरलँड आणि काइलझोन हे चौघेही डॉक्टर होते, आणि त्यांच्या शास्त्राने न्यायाची बाजू बळकट केली. उपचार घेणारा कार्यकर्ता चळवळीपासून दूर जात नाही. तो अधिक काळ चळवळीत टिकतो.

या दृष्टीने संघटनेपुढे आम्ही काही ठोस सूचना ठेवीत आहोत. पहिली, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टर व थेरपिस्टांची शहरनिहाय यादी तयार करावी. दुसरी, भाषा न येणाऱ्यांसोबत जाण्यास तयार असलेल्या स्त्रीपुरुषांची नावे नोंदवावीत. दुभाष्याचा खर्च विमा संस्था सहसा देत नाही, आणि म्हणून पुष्कळ घरांत शाळकरी मुलांना आईच्या व्यथेचे भाषांतर करावे लागते. हे थांबले पाहिजे. तिसरी, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत या विषयावर तज्ज्ञाचे एक व्याख्यान ठेवावे. चौथी सूचना सर्वांत कठीण आणि सर्वांत स्वस्त आहे. आपल्यापाशी विश्वासाने बोललेले दुसऱ्या घरी जाऊ देऊ नये. आपला समाज येथे लहान आहे. सकाळी फ्रँकफुर्टला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी म्युनिकला पोहोचते. जोवर हे चालते तोवर कोणतीही यादी आणि कोणतेही व्याख्यान उपयोगी पडणार नाही.

कोणी आपल्याजवळ येऊन बोलू लागला तर फार काही करावे लागत नाही. ऐकावे. अविश्वास दाखवू नये. तपशील खोदून विचारू नयेत. ‘यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे, आणि ‘डॉक्टरांकडे जाताना मी सोबत येऊ का?’ असे विचारावे. हॉलंडच्या त्या अनाथ मुलांपैकी काहींना अशी माणसे मिळाली आणि काहींना मिळाली नाहीत. त्यांच्या पुढील आयुष्यातला फरक काइलझोन यांनी पंचवीसएक वर्षांनंतर नोंदवून ठेवला आहे. आपल्या संघटनेतील कुटुंबांच्या बाबतीत ती नोंद अजून व्हायची आहे, आणि ती कशी होईल हे आपल्या वर्तनावर अवलंबून आहे.

 ज्या वाचकांना या विषयावर संघटनेतर्फे काम करावेसे वाटते, त्यांनी कार्यकारिणीकडे अवश्य नाव द्यावे. ज्यांना मदत हवी आहे, त्यांनीही संकोच न करता कळवावे. त्यांचे नाव कोठेही नोंदविले जाणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.

संपादक मंडळ